सावधान! ते पसरत आहेत!

माझं वय अजून आत्मकथन लिहिण्याचं झालेलं नाही, असं आईचं स्पष्ट मत आहे. "आधी तिशी तरी गाठ, चार अपमान गिळ, मग लिही," असं ती म्हणते. पण अपमान गिळून ठेवले की ते पचतात आणि पचल्यावर लिहायला काही उरत नाही, म्हणून हे प्रकरण मी ऊन ऊन असतानाच लिहून टाकते आहे. शिवाय मी ज्या घरात वाढले तिथे लिहायला वय लागत नसे, कारण लागे. मला कारण मिळालं तेव्हा मी आठवीत होते, जिझानला राहत होते आणि एका गवतावर माझा भयंकर राग होता.

बाबांचा मिरजेला छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. हुंड्याविरुद्ध, भुताखेतांविरुद्ध, उघड्या गटारांविरुद्ध, आणि एकदा तर पत्रकं रस्त्यात फेकणाऱ्यांविरुद्धही त्यांनी पत्रक छापलं होतं. छापखान्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. आईला जिझानच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात डॉक्टर म्हणून नोकरी लागली आणि बाबा तिच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तिचे कुटुंबीय या नात्याने सौदीत आले. त्यांच्या कार्डावर 'काम करण्यास परवानगी नाही' असं छापलेलं होतं. आल्यागेल्याला ते कार्ड दाखवून बाबा म्हणत, "बघा, सरकारी कागद आहे," आणि ओट्याकडे वळत. कारण स्वयंपाक, भांडी, धुणं आणि माझा अभ्यास यांना जगातलं कुठलंच सरकार काम समजत नाही. एकमेकांना नावाने हाक मारायची असं दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. आई त्यांना मनोहर म्हणे. ती 'अहो' म्हणाली की घरात काहीतरी मोठं बिनसलंय असं समजायचं.

मिरजेहून निघताना बाबांनी लोणच्याच्या बरण्यांभोवती, ताटांच्या मध्ये, आईच्या साड्यांच्या घड्यांत जुनी पत्रकं भरून आणली. कस्टमच्या माणसाने पेटी उघडली, वरचं मसाल्याचं पुडकं हुंगलं, तीनदा शिंकला आणि "यल्ला, यल्ला" म्हणत आम्हाला वाटेला लावलं. पेटीच्या तळाशी एक घोंगडी होती. काळी, जाड, खरखरीत. जिझानच्या हवेत घोंगडी! जिथे समुद्राची वाफ भिंतींवरून ओघळते आणि जानेवारीतही एसीच्या नळीखाली बादली ठेवावी लागते, तिथे! आईने कपाळाला हात लावला.

"ही पांघरायला नाही आणलेली, नंदा," बाबा म्हणाले. "सभेला बैठक लागते."

"तिथे कसली आलीय सभा?"

"माणसं असली की सभा होतेच."

ती घोंगडी पुढे कितीतरी दिवस कपाटाच्या वर पडून राहिली आणि आई जाता-येता तिच्याकडे पाहून सुस्कारे टाकत राहिली.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. वर्गात मल्याळी, हैदराबादी, बिहारी पोरं. बोलणं हिंदीत, भांडण इंग्रजीत, आणि आठवड्यातून काही तास अरबी. मराठी बोलायला घर होतं, पण वाचायला होती ती फक्त पत्रकं. मी अक्षरं शिकले ती 'जागे व्हा!' वरून. माझं नावही जागृती. त्यामुळे माझं मराठी जरा कर्कश झालं. इतर मुली "आई, मला भाजी नको" म्हणत असतील, मी ताटावरून उठून म्हणायचे, "मी या दोडक्याचा जाहीर निषेध करते!" आई पेशंट तपासावा तशी माझ्याकडे बघायची. "निषेध नोंदवला. आता खा." मग मी खुबूस आणि पिठलं खायचे. खुबूस म्हणजे खालच्या दुकानात मिळणारी अरबी रोटी, आणि तिच्यासोबत पिठल्याइतकं काही चांगलं लागत नाही, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे.

आमच्या इमारतीमागे वाळूचं एक मैदान होतं. मैदान म्हणायचं म्हणून; एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे मऊ पिवळी वाळू. माझ्या आठवड्याला शाळेची व्हॅन आणि घर एवढीच दोन टोकं होती, आणि मधे बाहेरची हवा फक्त शुक्रवारी मिळायची, ती त्या मैदानावर. शुक्रवारी दुपारी कंपनीच्या पिकअपमधून बाळूकाका आणि त्यांची पलटण यायची. बाळूकाका गुहागरचे, रिफायनरीच्या कामावर पाइपफिटर. बाकीचेही तिकडचेच, वेल्डर, गवंडी, फोरमन, सगळे आपापली बायकापोरं गावी ठेवून कॅम्पात राहणारे. येताना ते मासळीबाजारातून सुरमई आणत आणि आमच्या ओट्यावर ठेवत. बाबा कोकणी माणसांच्या देखरेखीखाली कालवण करत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चमच्याला एक सूचना. "मनोहरशेठ, तिरफळ नाय? मग ह्या कालवण कसला, ह्या तर औषध!" जेवणं झाली की क्रिकेट. मी गुण लिहायची आणि वाद सोडवायची. टाकीला चेंडू लागला तर चार की बाद, यावर सहा फूट उंचीचे वेल्डर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत. एवढी सत्ता मला पुढे आयुष्यात कुठेच मिळालेली नाही.

आणि मग ते गवत आलं. आधी टाकीच्या गळतीपाशी एक हिरवा झुबका, बघायला बरा. पाऊस जिझानला कधीमधी पडतो. त्या वर्षी दोन सरी पडल्या आणि झुबक्याचं कुरण झालं. त्याला ओंब्या आल्या आणि प्रत्येक ओंबीवर काटेरी गोळ्या. कुसळं म्हणावं तर ती फार सभ्य. ही कुसळं नव्हती, ही मुंगीएवढी साळिंदरं होती. चेंडू गवतातून बाहेर आला की त्याला इतक्या गोळ्या चिकटलेल्या असत की कोणी झेलायला हात पुढे करेना. अनवाणी गोलंदाजी करणारा एक वेल्डर धावत आला, अर्ध्या वाटेत उडाला आणि तिथून पुढे लंगडीवर पंचांपर्यंत पोचला; चेंडू टाकायचा राहूनच गेला. आई दवाखान्यातून चिमटा घेऊन आली होती आणि शुक्रवार संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात कोकणी पायांची ओपीडी चाले. आता मी पुस्तकात वाचलंय की हे गवत मूळचं पार अमेरिकेच्या गरम भागातलं. तिथून ते या वाळूत कसं आलं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. तेव्हा मला एवढंच समजलं होतं की ते इथलं नव्हतं, आणि तरी इथलंच असल्यासारखं पसरत होतं.

एके दिवशी घरमालक अबू हादी स्वतः आले. मोठे, सावकाश बोलणारे, पांढऱ्याशुभ्र थोबातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले. आईने त्यांच्या नातवाच्या वेळचं अवघड बाळंतपण सुखरूप केलं होतं, म्हणून आईशी बोलताना ते नेहमी जमिनीकडे बघत आणि प्रत्येक वाक्याआधी 'दक्तोरा' म्हणत. त्या दिवशी त्यांच्या थोबाच्या खालच्या कडेला गोळ्यांची झालर होती आणि चेहरा त्रासलेला होता.

"दक्तोरा, मैदान खलास. शनिवारी लादी येईल. सगळं बंद करतो. गाड्या लावा."

लाद्या म्हणजे गाड्या, गाड्या म्हणजे क्रिकेट बंद, क्रिकेट बंद म्हणजे बाळूकाका शुक्रवारी कॅम्पातच झोपा काढणार, आणि मी व्हॅन ते घर, घर ते व्हॅन. मी शाळेतलं सगळं अरबी गोळा करून विचारलं, "अम्मू, आम्ही गवत काढलं तर?"

अबू हादींनी माझ्याकडे बघितलं, मग मैदानाकडे. "शनिवारच्या आत? सगळं?" त्यांनी आकाशाकडे हात केले. "काढा. एकही काटा दिसला नाही, तर लादी समोरच्या बाजूला टाकीन."

हा बुधवार होता. मी काय करणार? ज्या घरात उंदीर झाले तरी आधी पत्रक निघे, त्या घरातली मुलगी जे करेल ते मी केलं.

बाबांच्या संग्रहात 'गाजरगवत हटाव' नावाचं एक जुनं पत्रक होतं. गाजरगवत हेही बाहेरून आलेलं, आपल्याकडे गावोगाव माजलेलं. ते पत्रक बाबांना जीव की प्राण, कारण आईच्या पहिल्या भेटीत त्यांनी तिच्या हातात फुलाऐवजी तेच ठेवलं होतं. मी ते समोर ठेवून बसले. बाबा मागे येरझारा घालत सूचना करत होते. "शत्रूचं नाव आधी सांगायचं नाही. आधी माणसाचं रक्त तापलं पाहिजे. पहिल्या पानावर फक्त धोका. माणूस पान उलटतो, मागे नाव. मग तो उठतो!" मी लिहीत गेले तसतसे त्यांचे डोळे भरून आले. मग मी त्याच पानावर त्याचं हिंदी आणि इंग्रजी केलं, आणि अरबीच्या पुस्तकातून शब्द शोधून शोधून अरबीही केलं. बाबांना अरबी येत नव्हतं, त्यांनी समास मोजला, कडा सारख्या कापल्या आणि म्हणाले, "शाई छान बसली आहे."

पुढच्या पानावर होतं ते असं:

"सावधान! ते पसरत आहेत! ते बाहेरून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं! ते इथलं पाणी पितात, इथली जागा अडवतात, एकाच्या मागे शंभर येतात! अजून किती दिवस सहन करणार? त्यांना मुळासकट उपटा! एकही शिल्लक ठेवू नका! शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर इमारतीमागच्या मैदानात हजर राहा! हातमोजे घेऊन या!!!"

आणि तळाशी, पान उलटा हे सुचवण्यासाठी, एक जाडजूड बाण. मागच्या पानावर गवताचं मी काढलेलं चित्र, त्याची सर्व दुष्कृत्यं, आणि लाद्यांच्या संकटाची हकिगत.

पत्रक हातात द्यायचं असतं. मिरजेत ते चौकात उभं राहून हातात देतात, माणूस चालता चालता उलटतो. पण जिझानला चौकात उभं राहून कोण पत्रकं वाटणार? म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी आणि बाबांनी तळमजल्यावर कोयाभाईंच्या किराणा दुकानाशेजारच्या भिंतीला ते चिकटवलं. खळ लावून, चारी कोपरे दाबून, आमच्या घराण्याला शोभेल असं पक्कं. मागची बाजू भिंतीकडे. मी आजही म्हणते, पत्रकात चूक नव्हती. चूक भिंतीची होती. बाण मात्र दिसत होता. तो बरोबर डावीकडे, कोयाभाईंच्या दाराकडे बोट दाखवत होता.

शुक्रवारी सकाळी बाबा दूध आणायला खाली गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. "कोयाचं दुकान बंद आहे," ते म्हणाले. कोयाभाई मलबारचे, तापात, ईदला, वाळूच्या वादळातसुद्धा त्यांचं शटर वर असायचं. "आजारी असेल," बाबा म्हणाले. तेवढ्यात बाळूकाकांचा फोन आला. बाबांनी तो माझ्यासाठी स्पीकरवर टाकला.

"शेठ, फोटो बघितलात काय? तुमच्याच बिल्डिंगीचा हाय. कॅम्पात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय."

"कसला फोटो?"

"नोटीस हो! बाहेरच्यांना मुळासकट काढणार म्हणून. आज मैदानात हजर राहायला सांगितलंय सगळ्यांना." ते जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेठ, हातमोजे कशाला हो?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी बाबांकडे.

"आमच्यात दोन मतं हायत," बाळूकाका पुढे म्हणाले. "आमचा फोरमन म्हणतो, बोटांचे ठसे घेतील, मग शाई कपड्यांना लागू नये म्हणून. बाकीचे म्हणतात, सामान उचलायला लावतील. आम्ही येतोय बघा. गेलो नाय तर आणि वेगळी भानगड नको. इकामे खिशात घेऊन येतोय." आणि बाबा काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

दुपारी आई ड्यूटीवरून आली. चपला न काढता ती तशीच आत आली आणि तिने मोबाइल आमच्यासमोर धरला.

"अहो," ती म्हणाली.

बाबा उभे राहिले.

"आमच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर सकाळपासून रडतायत. मिस्री डॉक्टर मला विचारतायत, तुमचं काय ठरलं? मी फोटो बघितला. तीन उद्गारचिन्हं! या अख्ख्या देशात ओळीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं देणारं एकच घर आहे आणि त्या घराचं भाडं मी भरते. ही गाजरगवताची दुसरी आवृत्ती आहे की नाही?"

"सुधारित," बाबा हळूच म्हणाले.

"परक्यांनी परक्यांच्या देशात, परक्यांना हाकला म्हणून पत्रक लावलंत!"

"पण मागच्या पानावर..." मी म्हणाले.

"मागचं पान भिंतीला दाखवलंत ना तुम्ही? भिंत जागी झाली का बघा जाऊन!" मग तिने श्वास घेतला, दारामागचा अबाया काढून माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "वाजले किती बघ. जमतील आता सगळे. खाली जायचं आणि प्रत्येकाला तोंडाने सांगायचं. पत्रकाखाली नाव घातलं नाहीस, आता चेहरा दाखव. आणि जागृती, अजून एक. गवत तेवढं काढून घे. बोलावलेच आहेत एवढे लोक, तर रिकामे नको पाठवूस."

आई व्यवहारी आहे ती अशी.

हातमोजे चढवून आम्ही खाली उतरलो. मैदान भरलेलं होतं. कॅम्पातून एक नव्हे, तीन पिकअप आले होते. बाळूकाका आणि त्यांचे लोक एका रांगेत, साइटवरचे जाड कातडी हातमोजे घालून, इस्त्रीच्या शर्टात, खिशातून इकाम्यांचे कोपरे दिसतील असे उभे. कोयाभाई एक मोठी सुटकेस घेऊन भिंतीशी. आमच्या इमारतीतली कुटुंबं, एक सुदानी मास्तर, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातलेला एक हैदराबादी अकाउंटंट. आणि मधोमध अबू हादी, हातात भिंतीवरून खरवडून काढलेलं माझं पत्रक घेऊन. मागची बाजू खळीने आणि भिंतीच्या रंगाने लडबडलेली, त्यामुळे ती तशीही कोणाला वाचता आली नसती. त्यांना कोणीतरी रात्री फोन करून, आम्ही घर कधीपर्यंत सोडायचं असं विचारलं होतं म्हणे, आणि कोण आपले भाडेकरू पळवतंय ते बघायला ते जातीने आले होते.

एवढी माणसं एकत्र बघून बाबांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ते मागे फिरले, धावत वर गेले आणि कपाटावरची घोंगडी घेऊन आले. भर मैदानात, गवताच्या ऐन मध्यावर त्यांनी ती झटकून अंथरली आणि हात जोडून म्हणाले, "बसा, बैठिए, बसून बोलू." सगळे एकमेकांकडे बघू लागले. नोटीस देऊन हाकलायचं तर आधी बसवतात हा प्रकार नवा होता. पण मोठ्या माणसांनी मान ठेवला. अबू हादी बसले, सुदानी मास्तर बसले, बाळूकाका बसले, कोयाभाई सुटकेसवर बसले. मी सिमेंटच्या एका ठोकळ्यावर उभी राहिले. अबायाच्या कडेला आधीच गोळ्यांची वेलबुट्टी झाली होती.

इतकी वर्षं मी या क्षणाची तयारी केली होती आणि तोंडातून एकच शब्द निघाला. "गवत."

बाळूकाकांनी कानामागे हात धरला.

"घास," मी म्हणाले. "ग्रास. हशीश." शाळेच्या पुस्तकात तरी तोच शब्द होता. "उखाडायचंय ते गवत. हे." मी एक झुबका उपटून वर धरला आणि तो माझ्या हातमोज्याला चिकटून बसला.

मग कोयाभाई सुटकेसवरून उठले. "घास? हम सुबह से बीवी को बोला, सामान बाँधो. वो बेचारी नारियल का खुरचनी भी बाँध दिया. घास?"

"अगो बाय!" बाळूकाका ओरडले. "गवत? मी घरी फोन करून सांगितलं, येतोय म्हणून, कायमचा! बायकोने खोलीला रंग काढायला घेतला! शेजारणींना पेढे वाटलेनी! आता तिला काय सांगू मी, गवत होतं म्हणून राहिलो?"

आधी अकाउंटंट हसला. मग पलटण. शेवटी बाळूकाकाही, डोळे पुसत. ते नुसतं हसण्याचंच पाणी होतं का, हे तेव्हा मला समजलं नाही. आज थोडंसं समजतं.

अबू हादी मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "बाहेरून आलं म्हणतेस. कुठून?"

मला माहीत नव्हतं. पण बाकी सगळ्यांना माहीत होतं. कोयाभाई म्हणाले, "हमारे उदर ऐसा नहीं होता. ये राजस्थान का माल है." बाळूकाका म्हणाले, गुहागरात असलं काय उगवत नाय, हे सुदानचं. सुदानी मास्तर दुखावले. त्यांच्या मते ते येमेनमधून वाऱ्याने आलं. अबू हादी म्हणाले, ते बाहेरच्या मेंढ्यांच्या चाऱ्यातून आलं, आणि त्यांचे वडील त्याला हिंदी गवत म्हणत. "हिंदी?" आम्ही सगळे हिंदी एकदम ओरडलो. आपापल्या देशाचं नाव राखण्यासाठी जो तो तावातावाने उठला आणि गवत उपटायला लागला. माझं पत्रक जे करू शकलं नसतं ते या भांडणाने केलं.

पण उपटून काही होईना. झुबका उपटावा तर गोळ्या झडून वाळूत पसरत. हातमोज्यांना, मोज्यांना, लुंग्यांना, एकमेकांच्या पाठींना गोळ्याच गोळ्या. हिरवं गेलं आणि काटे जिथल्या तिथे राहिले. 'एकही काटा दिसला नाही तर,' असं अबू हादी म्हणाले होते. सूर्य टाकीच्या मागे चालला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जाहीर नव्हे, खासगी.

"उठा आता," बाबा खिन्नपणे म्हणाले, "बैठक गोळा करू." त्यांनी घोंगडीचं एक टोक उचललं, आणि ती उठेना. बाळूकाकांनी दुसरं टोक धरलं. घोंगडी उलटली तेव्हा खालची बाजू दिसतच नव्हती. विणीच्या प्रत्येक केसाला काटेरी गोळी, अशी की अख्खं जनावर पालथं पडलंय असं वाटावं. आणि ती जिथे अंथरली होती तिथली वाळू? ताटासारखी स्वच्छ.

बाळूकाकांनी घोंगडीकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, आणि मग बाबांकडे.

"शेठ, बसा वरती."

"मी?"

"वजन पायजे. बसा!"

बाबा मांडी घालून बसले. पलटणीने दोन टोकं धरली आणि ओढायला सुरुवात केली. मिरजेच्या चौकात ज्यांच्या सभेला चार माणसं जमत, ते माझे बाबा जिझानच्या वाळूवरून, तीन देशांच्या माणसांच्या जयघोषात, घोंगडीवर बसून मिरवत निघाले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी एक हात वर धरला होता, आणि तो आपोआप मुठीचा झाला. गॅलरीत आई उभी होती. ती हसत होती की रडत होती ते खालून कळलं नाही, पण तिने "मनोहर, पाठ सांभाळ!" असं ओरडून सांगितलं, आणि मनोहर म्हणाली म्हणजे आम्हाला माफी होती.

मग कॅम्पातली जुनी ब्लँकेटं आली. अबू हादींनी फोन करून बैठकीच्या खोलीतला एक जाड गालिचा मागवला आणि स्वतःच्या गाडीला मागे बांधला. "शुफ," म्हणजे बघा, असं ते बाबांना म्हणाले, "याला तुम्ही काय म्हणता?"

"घोंगडी."

"गुंगरी," अबू हादी म्हणाले, आणि गाडीत बसून ओरडले, "यल्ला, गुंगरी!"

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यात काट्यांचा ढीग जळत होता आणि मी वाळूवरून अनवाणी चालून दाखवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अबू हादींनी सावकाश वहाणा काढल्या आणि तेही चालले. मधेच एकदा ते थांबले, पाय उचलून तळवा बघितला, तेव्हा आम्ही सगळे वाकून बघू लागलो. तो खडा होता. लाद्या शनिवारी आल्या आणि इमारतीच्या समोर उतरल्या.

गवत अर्थातच गेलं नाही. पुढच्या सरीनंतर ते पुन्हा आलं, मग पुन्हा घोंगडी ओढली, आणि पुढे पुढे सामन्याआधी ते रोलर फिरवण्यासारखंच होऊन गेलं. आईची बदली सौदीतल्याच बुरैदाला झाली तेव्हा घोंगडी कोयाभाईंच्या गोदामातच राहिली. ती घेऊन यायची आईने शपथेवर बंदी केली होती. मी पुण्याला शिकायला गेले. बाळूकाका खरोखरच गुहागरला परतले, रंग दिलेल्या खोलीत.

या हिवाळ्यात मी बुरैदाला आईबाबांकडे गेले होते आणि बाबांच्या हट्टाने आम्ही दोघं दोन दिवस जिझानला जाऊन आलो. समुद्राकडच्या सगळ्या रस्त्याने ते गवत आहे, मालकासारखं पसरलेलं. मला राग आला, जुन्या ओळखीचा येतो तसा. इमारतीमागे मैदान अजून आहे. शुक्रवार होता. आम्ही कोणालाच ओळखत नव्हतो. बांगलादेशी आणि नेपाळी पोरं, बॅटी भिंतीला टेकवून, एक फाटका गालिचा वाळूवर पसरत होती.

"ये क्या कर रहे हो?" मी विचारलं.

"गुंगरी, दीदी," एक मुलगा म्हणाला. "मॅच से पहले गुंगरी करते हैं. काँटा निकल जाता है."

"गुंगरी कौन सी भाषा है?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "अरबी."

बाबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस; चुकीचा शब्द ऐकला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. तो गेला, आणि तिथेच थांबला.

"एक आदमी ऊपर बैठता है, वजन के लिए," मुलगा म्हणाला. "अंकल बैठेंगे?"

बाबांनी दुखऱ्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चपला काढल्या आणि गालिच्यावर मांडी घालून बसले.